जागा माझी, ऊन तात्यांचं

गणपततात्यांनी मला फसवलं. मला, म्हणजे डोक्यावर पाटी घेऊन बारामतीच्या गल्ल्यांतून मेथी विकत वर आलेल्या आणि आज स्वतःची आडत चालवणाऱ्या माणसाला. माझ्याशी भाव ठरवायला बसण्याआधी इंदापूरकडचे बागायतदार तांब्याभर पाणी पिऊन घेतात. अशा मला मेंढरं सोडून गावात येऊन राहिलेल्या एका म्हाताऱ्यानं भर दुपारी, पंचांसमोर गुंडाळलं.

व्यवहार साधा होता. आमची घरं शेजारी-शेजारी, मधली मोकळी जागा तात्यांची. तिथं मला केळी पिकवायला वखार बांधायची होती. मी घासाघीस केली, रागावून उठलो, परत बसलो, आणि शेवटी माझ्या मनासारखं झालं. सगळं ठरल्यावर तात्या म्हणाले, "जागा तुजी. पर सकाळचं ऊन माजं."

पंच हसले. मीही हसलो. भाजी घेणाऱ्या बाईच्या पिशवीत वर कोथिंबिरीच्या चार काड्या टाकाव्यात, तसं मी ते ऊन तात्यांना देऊन टाकलं. वाटलं, म्हातारं माणूस आहे, पाठ शेकत बसेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं तर माझ्या जागेवर घोंगड्या पसरलेल्या, आणि त्यांवर आळीतली सगळी तान्ही पोरं तेल चोपडून ओळीनं निजवलेली. तात्या उकिडवे बसून तव्यावरची भाकरी परतावी तसं एकेकाला परतत होते. कडेला आया गप्पा मारत बसल्या होत्या. मी काही बोलायच्या आत एका पोरानं माझ्या जागेवर पहिली धार सोडली.

तात्या मूळचे निरवांगीचे. अर्धं आयुष्य कळपामागं गेलं. कळप विकला, पण नजर गेली नाही. माणसाचं पोर दिसलं की हे आधी तोंड बघत नसत, पाय बघत. गुडघा दाबायचे, मनगट चाचपायचे, बरगड्यांवरून बोट फिरवायचे आणि निकाल द्यायचे, "कोकरू अंधारात वाडलंय." नाव त्यांना एकाही पोराचं ठाऊक नव्हतं. वकिलांचा मुलगा कोकरू, माझी धाकटीही कोकरू.

त्यांचं खरं वैर बाळंतिणीच्या खोलीशी. आमच्याकडं ती खोली म्हणजे खिडकीला गोणपाट, दाराला गोधडी आणि आत शेगडीचा धूर. दृष्ट लागू नये म्हणून पोराला किती तरी दिवस बाहेरचा उजेड दाखवत नाहीत. तात्या अशा घराच्या दारात उभे राहून आत ओरडायचे, "आत काय बटाटं ठिवल्यात व्हय?" एकदा एक आई म्हणाली, पोरगी उन्हानं काळी पडेल. तात्या म्हणाले, "पडू दे की. काळ्या पायांनी पळता येतं."

मी जशी भाजीची प्रत लावतो तशी हा माणूस उन्हाची लावायचा. ढगाआडचं ऊन पाणचट. संध्याकाळचं शिळं. काचेतून आलेलं चाळलेलं, त्यात काही सत्त्व नाही. चांगलं फक्त एक, माझ्या जागेवरचं सकाळचं.

माझे वखारीचे दगड कोपऱ्यात पडून होते. रोज मी पोरं ओलांडून आडतीवर जायचो आणि दिवसभर गिऱ्हाइकांवर खेकसायचो. शेवटी मी पंच पुन्हा बसवले आणि विचारलं, सकाळ संपते कधी? बराच वाद होऊन ठरलं, माझ्या घराची सावली दगडांच्या ढिगापासून सरली की सकाळ संपली. मला वाटलं, चला, निदान कुंपण तरी घातलं.

त्याच सुमारास गावातले डॉक्टर एकदा तिथं थांबले. पोरं बघून ते खूश झाले, पण म्हणाले, तात्या, इतकं कोवळं ऊन पुरत नाही. जरा चढू द्या, मग थोडाच वेळ निजवा आणि डोक्यावर फडकं टाका. उन्हानं अंगात ड जीवनसत्त्व तयार होतं. त्यानं हाडं धरतात आणि खोकल्या-तापाशी झगडायची ताकद येते. अगदीच किडकिडीत पोर असेल त्याला माशाचं तेलही द्या.

आपलं चुकलं म्हणून दुसरा कोणी गप्प बसला असता. तात्या थेट माझ्या आडतीवर आले. लिलाव ऐन रंगात होता.

"रामभाऊ, सकाळ वाडवून दे."

मी म्हणालो, तात्या, झालेला व्यवहार पुन्हा उघडत नसतात.

"यवहार कोन उगडतंय? डागदर म्हणतो, तू दिल्याला माल कवळा हाय. पिकल्याला पायजे."

सगळा बाजार पाट्या धरून हसला. माझा माल कोवळा असं आजवर एकाही गिऱ्हाइकानं म्हटलेलं नाही. मी ताडकन उठलो आणि सांगून टाकलं की उद्या गवंडी येणार आणि भिंत चढणार. ऊन कुठं अडकवायचं ते तुमचं तुम्ही बघा.

खरं तेही सांगतो. त्या हिवाळ्यात गावात खोकल्याची साथ होती, आणि आमच्या आळीतली तान्ही पोरं थोडक्यात सुटली. उन्हानं की नशिबानं, मला माहीत नाही. पण माझी धाकटी रात्रभर शांत झोपायची. म्हणून काय वखार बांधायची नाही?

गवंड्यानं चुन्याची फक्की टाकून पायाच्या रेघा आखल्या. तात्यांनी पाहिलं, घोंगड्या गोळा केल्या आणि ते घरात गेले. हा माणूस न भांडता गेलेला मी पूर्वी पाहिला नव्हता. माझी चिडचिड आणखी वाढली. आळीला माझ्याविरुद्ध फितवत असणार, दुसरं काय? मी ठरवलं, याच्या मुलालाच गाठायचं.

मुलगा मारुती भवानीनगरला फिटर होता. साखर कारखाना नवाच उभा राहिला होता, तिथंच त्याला राहायला खोल्या मिळाल्या होत्या. बापाला समजाव, एवढं सांगायला मी गेलो. मारुतीनं चहा ठेवायला सांगितलं. खिडकीला जाड पडदा होता. आत डोळे सरावल्यावर कोपऱ्यातलं मारुतीचं पोर दिसलं. ते ट्रंकेला धरून उठलं, लटपटलं आणि खाली बसलं. चालायचं वय कधीच उलटलं होतं. मनगटं जाड, पाय धनुकलीसारखे वाकलेले. मग माझ्या ध्यानात आलं, मी अजून त्याचं तोंड पाहिलंच नव्हतं.

तात्या येत नाहीत का, असं मी विचारलं.

मारुती म्हणाला, "आलं हुतं. पोराला उगडं करून दारात निजवलं. हितं शिकल्याली मानसं ऱ्हात्यात, रामभाऊ. शेजारी इचारत्यात, तुमच्याकडं मेंढरं पाळत्यात का? मी म्हनलं, तात्या, आता येऊ नगा."

मी सांगायला गेलो होतो ते राहून गेलं. डॉक्टरांचं बोलणं तेवढं त्याला ऐकवलं, माशाच्या तेलासकट. तो मान हलवत राहिला. मान हलवणारा माणूस माल घेत नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे.

परत आलो तर तात्या फक्कीच्या रेघेशी बसले होते. मी कुठून आलो ते त्यांना कुणी तरी सांगितलं असावं. भिंतीचं त्यांनी काढलंच नाही.

"हुबं ऱ्हातं?" त्यांनी विचारलं.

"राहतं की," मी म्हणालो.

"धरून का मोकळं?"

भाव करताना मी डोळे मिटत नाही. तेव्हा मात्र मी दुसरीकडं बघितलं.

"धरून."

 "मंग अजून येळ गेल्याली न्हाय," असं तात्या म्हणाले, उठले, आणि त्यांनी रेघेवरच घोंगडी अंथरली.

गवंडी मी परत पाठवला. माझी केळी आता स्टेशनाजवळ दुसऱ्याच्या खोलीत पिकतात, आणि त्यातली निम्मी डागाळून निघतात. याचा जाब कुणी तरी द्यायला हवा. तात्यांकडं मी मागत नाही. मारुतीनं द्यावा. माणूस पाठवून नाही, निरोप धाडून नाही, तर पोराला कडेवर घेऊन, माझ्या जागेत, सकाळी, ऊन चढायच्या सुमाराला. मी वाट बघतोय, आणि वाट बघायची मला सवय नाही.