आहेर अण्णांच्या बाई

आहेर अण्णा स्वतःच्याच घरात शिरताना आधी कडी वाजवायचे. घरात दुसरं कोणी राहत नव्हतं. कुलूप काढायचं, कडी वाजवायची, थोडं थांबायचं आणि मग दार लोटायचं, असा क्रम होता. मी एकदा कारण विचारलं, तेव्हा म्हणाले, "आत चोर असला तर त्याला मागच्या दारानं जाता यावं. समोरासमोर आलो तर दोघांचीही पंचाईत."

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. नाशिकच्या मखमलाबाद रोडला आमची रो-हाउस नवीन होती. पलीकडे अजून कोबी-फ्लॉवरचे मळे होते. अण्णांची आणि आमची मधली भिंत एकच. मूळचे ते कळवणकडचे, पाटबंधारे खात्यातून कारकून म्हणून निवृत्त झालेले. बोलणं मात्र सरकारी पत्रासारखं शुद्ध आणि जपून. लग्न केलं नव्हतं. बायकोला घाबरले असतील असं माझी पत्नी म्हणायची, पण अण्णांची भीती अशी एकाच गोष्टीला चिकटलेली नव्हती. भर दुपारी त्यांच्या पिशवीत टॉर्च असायचा आणि जानेवारीत छत्री. कोणी हसलं की म्हणायचे, "असू द्यावं आपलं." पावसाळ्यात ते गोदाघाटाच्या आसपास फिरकत नसत. धरणाच्या वरचं पाणी आपण पाहिलंय, खाली उभं राहायची छाती होत नाही, असं त्यांचं म्हणणं.

अशा माणसाच्या घरात मांजर आलं. समोरचे भाडेकरू बदली होऊन गेले आणि त्यांची लांब केसांची पांढरी मांजर मागेच राहिली. ती अण्णांच्या ओट्यावर येऊन बसली. अण्णा आठवडाभर मागच्या दारानं ये-जा करत होते. शेवटी मांजरच आत गेली. तिचं नाव काय होतं कोणाला ठाऊक नव्हतं. अण्णा तिला 'बाई' म्हणायचे आणि अहो-जाहो करायचे. बाई जेवल्या, बाई रागावल्या आहेत, बाई खिडकीत बसल्यात म्हणून पंखा लावला नाही. आमच्याकडे आलेल्या पाहुण्यांचा त्यामुळे भलताच गैरसमज व्हायचा.

एका सकाळी अण्णा हातात वर्तमानपत्राची घडी धरून आमच्या दारात उभे राहिले. चेहरा पांढराफटक. घडी उघडली तर आत बोटाएवढी ओली, राखाडी वळी होती. बाईंनी मान लांबवली, ढास लागल्यासारखं केलं आणि हे बाहेर पडलं, असं त्यांनी सांगितलं. त्यांच्या मते ते आतड्याचं टोक होतं. मी काडीनं उकलून दाखवलं. सगळे केसच होते. मांजर अंग चाटतं, केस पोटात जातात, त्यांचा गोळा होतो आणि तो अधूनमधून असा उलटून पडतो. अण्णांनी ऐकून घेतलं, पण पटलं नाही. पोटात केस जातात, तर ते बाहेर न आले तर कुठे जातात, एवढाच प्रश्न ते घेऊन गेले. तेव्हापासून भिंतीपलीकडे बाई खोकल्या की माझ्या पोटातही गोळा येऊ लागला, कारण पाठोपाठ अण्णांची हाक यायची. कोणीतरी सांगितलं म्हणून त्यांनी बाईंना एरंडेल पाजायचा प्रयत्न केला. निम्मं तेल त्यांच्या शर्टावर आणि निम्मं भिंतीवर गेलं.

त्या उन्हाळ्यात मात्र थट्टा संपली. बाईंचे केस खूप गळत होते. मग त्यांनी खाणं सोडलं. पुन्हा पुन्हा मान लांबवून ढास काढायच्या, पण बाहेर काहीच पडेना. पोट टणक लागत होतं. अण्णा बाईंना खोक्यात घालून दारात आले. मी स्कूटर काढली. स्कूटरला जन्मात न शिवलेले अण्णा द्राक्षांचं भोकांचं खोकं छातीशी धरून मागे बसले आणि गुरांच्या दवाखान्यापर्यंत त्यांनी डोळे उघडले नाहीत.

तिथे म्हशी आणि बैल बांधलेले. त्यांच्यामधून अण्णा खोकं डोक्यावर धरून गेले. डॉक्टरांनी पोट चाचपलं. केस आतड्यात अडकले असावेत, सलाईन आणि औषध देतो, उद्यापर्यंत मोकळं झालं नाही तर पोट उघडावं लागेल, असं त्यांनी सांगितलं. अण्णा रिकामं खोकं मांडीवर घेऊन बाकावर बसले. दवाखाना बंद होईपर्यंत ते तिथून हलले नाहीत. दुसऱ्या दिवशी आम्ही पोचलो तेव्हा शिपायानं दारातच सांगितलं, की मोकळं झालं आणि मांजरीनं थोडं दूधही चाटलं. अण्णांनी त्या शिपायाला नमस्कार केला.

डॉक्टरांनी मग नीट समजावलं. रोज कंगव्यानं केस विंचरायचे, म्हणजे गळलेले केस कंगव्यात येतात, पोटात जात नाहीत. पाणी भरपूर ठेवायचं. खाणं थोडं थोडं द्यायचं, त्यात उकडलेल्या लाल भोपळ्याचा चमचा घालायचा, हवं तर कोवळं गवत खाऊ द्यायचं. तेल घशात कधीही ओतायचं नाही, ते फुप्फुसात उतरलं तर जनावर जातं. पुन्हा खाणं बंद झालं तर त्याच दिवशी आणायचं. एवढं बोलून त्यांनी बाईंना उताणं केलं. पोटावर एक टक्कल पडलेला चट्टा होता. ही गरजेपेक्षा जास्त चाटते, ते म्हणाले. काही मांजरं भीतीनं असं करतात. मग अण्णांकडे पाहून त्यांनी विचारलं, "घरात कोणी घाबरलेलं असतं का?"

अण्णा बाईंना खोक्यात ठेवू लागले. परतताना स्कूटरवर मागून त्यांचा आवाज आला, "म्हणजे त्यांना माझंच लागलंय."

त्यानंतर अण्णांनी घरात घाबरणं बंद केलं. पण भीती थोडीच जाते. मग ते घाबरायला आमच्याकडे येऊ लागले. आभाळ गडगडलं, बाहेर ट्रकचा टायर फुटला, की अण्णा शांतपणे स्वतःचं दार लावून आमच्याकडे यायचे, खुर्चीत बसून व्यवस्थित थरथरायचे, पाणी प्यायचे आणि शर्ट नीट करून परत जायचे. पत्नी त्यांच्यासाठी तांब्या-भांडं तयारच ठेवायची. सकाळ-संध्याकाळ ओट्यावर बसून बाईंना विंचरणं सुरू झालं. कुंडीत त्यांनी गवत लावलं. पावसाळा सरेपर्यंत बाईंच्या पोटावरचे केस भरून आले. केसांची वळी क्वचित पडायची, ती अण्णा मुकाट्यानं पुसून टाकायचे.

दिवाळीत गल्लीतल्या मंडळींनी संध्याकाळीच फटाक्यांची मोठी माळ लावली. कानठळ्या बसल्या. आम्ही तांब्या भरून वाट पाहत होतो, पण अण्णा आले नाहीत. मला काळजी वाटली. त्यांचं दार नुसतंच लोटलेलं होतं. बाई कॉटखाली अगदी भिंतीला चिकटून बसल्या होत्या. त्यांच्याशेजारी, अर्धे कॉटखाली शिरून, अण्णा फरशीवर आडवे झाले होते. एका हातानं ते बाईंना विंचरत होते. दुसऱ्या हातानं कॉटचा पाय इतका घट्ट धरला होता की कॉट हलत होती. आवाज मात्र अगदी संथ होता.

"भिऊ नको माय. काहीच नही शे. मी शे ना आठे."

मी इथे आहे, असं सांगणारी ही बोली इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून मी कधी ऐकली नव्हती. दोन दिवसांनी ओट्यावर भेटले तेव्हा मी ते कसलं बोलणं म्हणून विचारलं. अण्णा ओशाळले. आमच्याकडची अहिराणी, म्हणाले. आई गेल्यापासून बोललो नव्हतो, नाशकात बोलणार कोणाशी?

मग कंगव्यातले पांढरे केस सोडवत, माझ्याकडे न बघता म्हणाले, "त्यांना समजते."