सुपडूनानांचं तिसरं तळं

जंगलात लाकडं घेऊन जाणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. सुपडूनाना. धुळ्याहून तोरणमाळला निघताना बाकीची माणसं टोप्या, गॉगल, पाण्याच्या बाटल्या घेतात. नाना आमच्या गाडीच्या टपावर पऱ्हाट्यांचा, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्यांचा, हा एवढा भारा बांधतात. वनखात्याच्या नाक्यावरचा गार्ड दरवर्षी गाडीभोवती दोन फेऱ्या मारतो. जंगलातून लाकूड बाहेर नेणाऱ्याचं काय करायचं हे त्याला ठाऊक आहे. आत नेणाऱ्यासाठी त्याच्या वहीत रकानाच नाही.

"आबा, आत काय लाकडाची टंचाई पडलीय का?" त्यानं एकदा विचारलंच.

"लाकूड गैरं शे रे भाऊ, पन पऱ्हाटी नही," नाना त्यांच्या अहिराणीत म्हणाले, म्हणजे लाकूड भरपूर आहे. "सागना लाकूडवर भाजेल वांगं कडू लागस."

वांगी बामणोदची, भाजायची पऱ्हाटीवर, ठेचायची लाकडी भांड्यात, आणि वर कांद्याची पात. यात काना-मात्रेचा फरक झाला तर नाना त्याला भरीत म्हणत नाहीत, 'वांगानी भाजी' म्हणतात. नानांच्या तोंडी ही शिवी आहे.

नाना देवपुरात आमच्या समोरच राहतात. हिवताप खात्यात होते. तीस वर्षं सातपुड्यातले पाडे पायी पालथे घालून, घराघरात जाऊन, ताप आलेल्याच्या बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब काचेवर घेणं हे त्यांचं काम. नोकरी सुटली, पण सवय काही सुटली नाही. दर रविवारी सकाळी आठला गल्लीतल्या प्रत्येक फाटकाशी नाना उभे. "ताप-बीप शे का कोनले?" आपण म्हणायचं, "नाही नाना." मग ते जरासे हिरमुसून आपल्या कुंड्यांखालच्या ताटल्यांत डासांच्या अळ्या शोधणार. एकदा मला खरोखरच ताप आला, तेव्हा त्यांचा चेहरा असा काही उजळला की आजारी पडल्याचं मला सार्थक वाटलं. दिवसातून चार वेळा येऊन विचारून गेले.

काकू गेल्यापासून ते घरात एकटेच असतात. मुलगा सुरतेला. फोन येतो, रविवारी, पण नऊनंतर. त्याआधी नाना सापडत नाहीत.

तर हे तळ्याचं प्रकरण चार वर्षांपूर्वी सुरू झालं. गल्लीत कुणीतरी तोरणमाळचा विषय काढला, आणि मी म्हणाले की तिथे तळी दोन आहेत. मी हायस्कुलात भूगोल शिकवते, त्यामुळे अशी वाक्यं माझ्या तोंडून आपोआप पडतात.

"तीन," नाना म्हणाले.

"दोन, नाना."

"तीन शेतस, ताई. तिसरं रानमा शे, डोंगरना मांगे. देखेल शे मी. कमळे, बगळा, बठ्ठं." बठ्ठं म्हणजे सगळं.

मी नकाशे काढले. कागदावरचे काढले, मोबाइलवरचे काढले. तिसरं तळं कुठेही नाही. नानांना दाखवलं, तर ते म्हणाले, "नकाशा काढनारले ताप व्हयेल व्हई." झालं. त्या जानेवारीत गल्लीतली अकरा माणसं दोन गाड्यांतून तिसरं तळं बघायला निघाली.

नानांच्या मागून चालणं म्हणजे काय, ते चालल्याशिवाय कळायचं नाही. त्यांना उत्तर-दक्षिण माहीत नाही. डावं-उजवंही त्यांना फारसं पटत नाही. त्यांचा सगळा भूगोल तापाचा. "ते घर देखं? तठे सात जनेस्ले ताप व्हता. तठून खाले. मंग म्हतारीनं घर, तिले थंडी वाजे पन ताप नही ये. तठून वर." ते घर तर आता नसतंच, म्हातारीही नसते, आणि आम्ही 'तठून खाली' की 'तठून वर' या चक्रात एकाच बांबूच्या बेटाला तीन बाजूंनी भेटून येतो. किती राहिलं म्हणून विचारलं की उत्तर ठरलेलं, "हाई काय, आते उनंच!" हे 'आता आलंच' दर दहा मिनिटांनी आलं, तळं मात्र आलं नाही. परतताना मला पूर्व कुठली हे सूर्याकडे बघूनही सांगता येईना. पंधरा वर्षं मुलांना दिशा शिकवणारी बाई मी!

दुसऱ्या वर्षी सात जण आले. तिसऱ्या वर्षी पाच. यंदा चौघंच उरलो. नाना, मी, माझा नवरा संजय, कारण गाडी त्याची, आणि शेजारच्या कोठारीभाभी. भाभी जैन, वांगं त्यांना वर्ज्य. तरी चारही वर्षं त्या आपले खाकरे घेऊन न चुकता आल्या. का येतात हे मला कळत नसे. विचारलं तर म्हणत, "हवा छान असते."

घाट चढताना गाडीला खालून काहीतरी मोठ्यानं आपटलं आणि संजयचा संयम संपला. "नाना, राग मानू नका, पण हे शेवटचं. आज तळं सापडलं तर सापडलं. नाही तर पुढच्या वर्षी ही गाडी निघायची नाही."

मला वाटलं, नाना म्हणतील, आते उनंच. ते खिडकीबाहेर बघत राहिले.

त्या दिवशी नाना भलतेच गोंधळले. ताप आलेली घरंही त्यांना आठवेनात. आम्ही चढलो, उतरलो, एका ओढ्यात शिरलो, त्याच ओढ्यातून बाहेर आलो. मोबाइलला रेंज नाही. शेवटी दुपारी ओढ्यातल्या मोठ्या कातळावर आम्ही बसलो. "या वाटवर आपन पहिल्यांदाच उनूत," नाना म्हणाले आणि खांद्यावरचा भारा सोडून पऱ्हाटी पेटवायला लागले.

भरीत नेहमीसारखं झालं, म्हणजे बोटं चाटावीत असं. नानांनी विस्तवावर ओढ्याचं पाणी ओतून तो विझवला, काठीनं ढवळून पुन्हा पाहिला. संजय तोंडावर टोपी घेऊन आडवा झाला. मी हात धुवायला कातळाच्या मागे गेले, आणि तिथे एका खोबणीत मला अर्धवट जळलेल्या काड्या दिसल्या. जुन्या, करड्या पडलेल्या. हातात घेतल्या. पऱ्हाट्या!

आता कापसाला काळी माती लागते, हे मी दरवर्षी सातवीच्या वर्गाला घोकून घेते. या खडकाळ डोंगरात पऱ्हाटी येणार कुठून? तोरणमाळच्या रानात धुळ्याहून पऱ्हाटी आणणारा माणूस जगात एकच. म्हणजे आम्ही या कातळावर आधी बसलो होतो. मागच्या वर्षी पलीकडच्या बाजूनं आलो म्हणून ओळखलं नाही, इतकंच.

मग एकेक आठवायला लागलं. दरवर्षी नाना या समोरच्या चढाशी येऊन थांबतात. दरवर्षी म्हणतात, "फुडे वाट नही." आणि दरवर्षी आम्ही, शहाणी माणसं, माघारी वळतो.

कुणाला न सांगता मी तो चढ चढले. वाट होती. चांगली गुरांची, मळलेली वाट होती. दहा मिनिटांत वर पोचले, आणि खाली तळं.

फार मोठं नाही. आपल्याकडचा एखादा पाझर तलाव असावा एवढं. कडेला लव्हाळी, मधे कमळाची पानं, दोन बगळे, आणि पाणी असं स्वच्छ की मी भान न राहून घोट्यापर्यंत चिखलात गेले. आनंद झाला, आणि त्याहून जास्त संताप. चार वर्षं!

मागून धापा ऐकू आल्या. नाना चढून आले होते. माझ्याकडे न बघता ते दगडावर बसले.

"तुम्हाला कधीपासून माहीत होतं?" मी विचारलं.

"पहिला सालेच सापडनं," ते म्हणाले. "तुम्ही जेवत व्हतात, तव्हय मी वर ई गऊ."

"मग सांगितलं का नाही?"

नानांनी पागोट्याच्या शेवानं तोंड पुसलं. "त्यान्हा पहिले मी बठ्ठास्ले उनपदेवले लई गयथू. याद शे ना? गरम पानी देखं, पाय बुडाडात, फोटो काढात. दुसरे साले इचारं, चालतस का? तं बठ्ठा बोलनात, देखेल शे, नाना." ते पाण्याकडे बघत राहिले. "हाई तळं नही सापडनं, तं सालभर लोके फाटकवर थांबेत. नाना, यंदा कव्हय जानं शे? नाना, सापडी का? आते ताप कोनले येस नही, ताई. तळं देखी लिधं का मंग माले कोन काय इचारी?"

मला एकदम रडू आलं. दर रविवारी 'नाही नाना' म्हणून मी दार लावून घेते, ते दार मला आठवलं. त्यांना कधी चहाला या म्हटल्याचं आठवेना.

"सांगी द्या संजूभाऊले," नाना उठत म्हणाले. "खोटं मी बोलनू. तुम्हीन नका बोलू."

आम्ही खाली आलो. संजय उठून बसला होता. "काय, सापडलं का?"

नाना पऱ्हाट्यांच्या उरलेल्या काड्या गोळा करायला वाकले, ते वर बघेनात.

"नाही," मी म्हणाले. "पण माझ्या एक लक्षात आलं. आपण चारही वर्षं चुकीच्या बाजूनं शोधतोय. ओढ्याचा उतार बघता तळं पलीकडच्या अंगाला असणार. भूगोल सांगतो तसं."

संजयनं कपाळाला हात लावला. "म्हणजे पुन्हा यायचं?"

"यावंच लागेल."

"मग पुढच्या वर्षी पहाटेच निघू. आणि नाना, तुम्ही पुढे बसायचं, रस्ता सांगायला," तो म्हणाला आणि चिडचिड करत गाडीकडे गेला. नाना त्याच्यामागून निघाले. इतके भराभर चालत होते की भारा त्यांच्या खांद्यावर उड्या मारत होता.

कोठारीभाभी मागे थांबल्या. माझ्या पायांकडे बघत होत्या. चपला, सलवारीची टोकं, सगळं काळ्या चिखलानं माखलं होतं. त्यांनी पिशवीतून एक फडकं काढून माझ्या हातात दिलं.

"संजयभाईंनी बघायच्या आत पुसून घ्या," त्या हळूच म्हणाल्या. "मी तर दुसऱ्याच वर्षी पाहून आले होते."