चालू स्थितीतील रेफ्रिजरेटर

मंगळवार, १० एप्रिल १९७३. सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी श्यामकांत पाटणकर यांच्या सरकारी क्वार्टरमध्ये नवा रेफ्रिजरेटर सुरू करण्यात आला. दहा वाजून एकवीस मिनिटांनी फ्यूज उडाला.

पाटणकर केंद्र सरकारच्या एका खात्यात अधिकारी होते. मुंबईहून कलकत्त्याला बदली होऊन खिदिरपूरजवळच्या या जुन्या इमारतीत येऊन त्यांना तीन आठवडे झाले होते. रेफ्रिजरेटर मुंबईतच घेतला होता आणि त्याआधी आठ महिने अभ्यास केला होता. भिंतीची जाडी, मोटरचा आवाज, महिन्याला लागणारे युनिट यांचा तक्ता केला होता. दाराच्या रबरात कागदाची चिठ्ठी अडकवून ती ओढायला किती जोर लागतो, हे पाच दुकानांत जाऊन पाहिले होते. दुकानदाराला एकंदर बेचाळीस प्रश्न विचारले होते. वीज कोणत्या जातीची लागते, हा त्रेचाळिसावा प्रश्न मुंबईत कोणाला सुचत नाही. कलकत्त्यात मात्र काही जुन्या इमारतींना अजून डी.सी. वीज मिळत होती. तिच्यावर दिवे लागत, आणि सरकारी पंखे तिच्यासाठीच बनवलेले असल्याने तेही फिरत. रेफ्रिजरेटरच्या मोटरला ए.सी. वीज हवी होती. ती रस्त्यापलीकडच्या इमारतीत होती.

मिस्त्रीने मोटरची तार सोडवून ठेवली. मग फ्यूज उडेनासा झाला. दार उघडले की आतला दिवा तेवढा लागे. पाटणकरांच्या पत्नी सुनीतीबाईंनी आत पापड, मेतकूट आणि तूरडाळ ठेवली. दमट हवेत पापड सादळले नाहीत आणि मुंग्या फिरकल्या नाहीत. चिठ्ठीची परीक्षा अगदीच वाया गेली नव्हती.

अडचण एवढीच होती की रेफ्रिजरेटर पापडांसाठी घेतलेला नव्हता. पाटणकरांच्या आई शारदाबाई यांना मधुमेह होता आणि उन्हाळ्यात इन्शुलिनच्या बाटल्या थंडाव्यात ठेवल्या नाहीत तर त्यांचा गुण जातो, असे डॉक्टरांनी बजावले होते. त्यामुळे बाटल्या समोरच्या इमारतीत, त्याच खात्यातले श्रीकांत भागवत यांच्या रेफ्रिजरेटरमध्ये ठेवण्यात आल्या. शारदाबाई रोज सकाळी पावणेसातला रस्ता ओलांडून जात आणि सुई टोचून घेऊन परत येत. वाटेत कोणी भेटलेच तर, आमचा रेफ्रिजरेटर दोन भागांत आहे, दिवा घरी आणि गारवा भागवतांकडे, असे सांगत.

पाटणकरांनी इमारतीला ए.सी. वीज मिळावी म्हणून अर्ज केला. चौकशीसाठी इमारत विभागाचे हालदारबाबू छापील फॉर्म घेऊन आले. फॉर्मवर पहिला प्रश्न होता, उपकरण सध्याच्या विजेवर चालते काय? हालदारबाबूंनी दार उघडले. दिवा लागला. त्यांनी 'होय' लिहिले.

"आत थंड होत नाही," पाटणकर म्हणाले.

"थंडपणाचा रकाना नाही, साहेब. दिवा लागतो ना?"

"लागतो."

"मग सही करा."

विधान खरे असल्याने सही नाकारण्याचे कारण पाटणकरांना सापडले नाही. महिन्याभराने उत्तर आले की, उपकरण सध्याच्या विजेवर चालत असल्याचे आपणच प्रमाणित केले असल्यामुळे वीज बदलण्याची आवश्यकता दिसत नाही.

पुढच्या उन्हाळ्यात शहरात विजेची टंचाई वाढली. खात्याने वीजबचत समिती नेमली आणि समितीने घराघरांतील उपकरणांची पाहणी केली. बाकीच्यांचे रेफ्रिजरेटर महिन्याला चाळीस ते पन्नास युनिट घेत होते. पाटणकरांचा पाव युनिट घेत होता, आणि चालू असल्याचे सरकारी प्रमाणपत्र त्याच्यापाशी होते. समितीने त्यांना देखभालीची पद्धत विचारली. पाटणकरांनी प्रामाणिकपणे कळवले की मोटर जोडलेली नाही. समितीने हे वाक्य जसेच्या तसे परिपत्रकात घेतले आणि 'पाटणकर पद्धत' पंधरा दिवसांत अमलात आणण्याचा आदेश काढला. जे आणणार नाहीत त्यांच्या गोपनीय अहवालात तशी नोंद होणार होती.

पद्धत समजावून देण्यासाठी पाटणकरांची व्याख्याने ठेवण्यात आली. पहिल्या व्याख्यानात ते खाली मान घालून बोलले. तिसऱ्यात त्यांनी फळ्यावर आलेख काढला. पाचव्यानंतर वरिष्ठांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून, मुंबईला एक चांगली जागा रिकामी होत आहे, असे सुचवले.

आदेशानंतर सोळाव्या दिवशी सकाळी श्रीकांत भागवत स्टीलचा डबा घेऊन दारात उभे राहिले. डब्यात इन्शुलिनच्या चार बाटल्या होत्या.

"पाटणकर, तुमच्या पद्धतीने आमचाही रेफ्रिजरेटर चालू झाला," ते म्हणाले. "या सांभाळा."

बर्फाची शोधाशोध झाली. सियालदहच्या बाजारातून रोज एक लादी येऊ लागली, पण ती मासळीच्या पेट्यांतली असे. जन्मात मासा न खाल्लेल्या शारदाबाई नाकाला पदर लावून सुई टोचून घेत. मग बर्फही मिळेना. बाटल्या ओल्या वाळूच्या मडक्यात खिडकीशी गेल्या. लघवीतली साखर वाढली. पायाला झालेली जखम भरत नाही हे पाहून डॉक्टरांनी, औषध कुठे ठेवता, असे विचारले. घर चालू रेफ्रिजरेटरचे असल्याने सुनीतीबाईंनी मडके पडद्याआड सरकवले.

"श्याम, समितीला सांगून टाक, हे कपाट आहे," शारदाबाई म्हणाल्या.

"आई, माझी सही आहे त्यावर."

"माझ्या औषधाच्या चिठ्ठीवरही सही आहे. डॉक्टरांची."

"ही पद्धत बघायला दिल्लीची माणसं गुरुवारी येतायत. तेवढं होऊन जाऊ दे."

"मुंबईची जागा मिळेपर्यंत माझा पाय थांबेल का, तेही विचार त्यांना."

दिल्लीचे पाहणी पथक गुरुवारी साडेअकराला आले. सहा अधिकारी आणि सामान्य ग्राहकांचा प्रतिनिधी म्हणून एक गृहस्थ, असे सात जण होते. सुनीतीबाईंनी पोहे दिले. पाटणकरांनी माहिती सांगून दार उघडले. दिवा लागला. टाळ्या वाजल्या. तेव्हा शारदाबाई खुर्चीतून उठल्या आणि म्हणाल्या की नुसते बघू नका, एकेकाने आत हात घाला आणि काय वाटते ते सांगा. पाटणकर आलेखाच्या गुंडाळीकडे बघत राहिले.

पहिल्या अधिकाऱ्याने हात घातला आणि समाधानकारक असे सांगितले. दुसऱ्याला बाहेरच्या मानाने बरे वाटले. तिसरा पहिल्याशी सहमत झाला. चौथ्याने हा विषय आपल्या शाखेचा नसल्याचे नमूद केले, पाचव्याने दुसऱ्याचे मत उचलून धरले आणि सहाव्याने अहवाल दिल्लीतच छापून झाल्याचे लक्षात आणून दिले.

राहिला सातवा. हा गृहस्थ कोणाचाही नोकर नाही. टेलिफोनसाठी त्याने चार वर्षांपूर्वी केलेला अर्ज कुठल्याशा टेबलावर पडून आहे आणि या सहा जणांपैकी कोणाची तरी तिथे ओळख असेल, असे त्याला येताना गाडीत वाटले होते. सरकारी कारभाराची टिंगल करणाऱ्या गोष्टी तो आवडीने वाचतो, बायकोला वाचून दाखवतो आणि हे त्या लोकांच्या तोंडावर कोणी का सांगत नाही, असे दर वेळी म्हणतो.

त्याने कोपरापर्यंत हात आत घातला. बोटांना पापडांचा डबा लागला.

"थंड आहे का?" शारदाबाईंनी विचारले.

तेव्हा बारा वाजून दहा मिनिटे झाली होती. हाती आलेल्या शेवटच्या माहितीनुसार त्याचा हात अजून आत आहे.