मान्यवरांची तिसरी मिती

त्रिमितीय ॲनिमेशन शिकायचं असेल तर सर्वप्रथम चपला बाहेर काढाव्या लागतात. पंचवटीतल्या 'गोदातीर ॲनिमेशन अकादमी'च्या दारावरच तसा नियम लावलेला होता आणि त्याला अपवाद नव्हता. आत थंडगार खोलीत संगणक होते, संगणकांवर फुलाफुलांची झाकणं होती आणि झाकणांना हात लावू नये अशी भिंतीवर सूचना होती. तिथे शिकणाऱ्या जीवनने पहिले कित्येक महिने ॲनिमेशनचा अभ्यास केला तो या झाकणांकडे बघत, सरांनी सांगितलेल्या नोट्स उतरवून घेत. सहामाही परीक्षेत 'चेंडू जमिनीवर आपटल्यावर चपटा का होतो? सोदाहरण स्पष्ट करा' असा प्रश्न होता. जीवनला त्यात चांगले गुण पडले.

अकादमीचे संचालक गोटीराम सर दूरदृष्टीचे गृहस्थ होते. टायपिंगला चांगले दिवस होते तेव्हा याच खोलीत त्यांचा टायपिंगचा क्लास होता. टायपिंग गेलं, संगणक आला, तेव्हा सरांनी बोर्ड बदलला आणि बाकं तीच ठेवली. पुढे सिंहस्थ आटोपला आणि त्याच सुमारास पेपरात छापून आलं की देशाला लाखो ॲनिमेटर हवे आहेत. देश अशा शब्दांत मागणी करतोय म्हटल्यावर सरांना स्वस्थ बसवेना. त्यांनी पुन्हा बोर्ड बदलला. "ॲनिमेशन म्हणजे निर्जीवात प्राण ओतणं," असं ते प्रवेशासाठी आलेल्या पालकांना समजावून सांगत. पालक एकवार शेजारी बसलेल्या आपल्या चिरंजीवांकडे पाहत आणि लगेच प्रवेश घेऊन टाकत.

शिकवायला राज सर होते. ते मुंबईहून शिकून आले होते आणि त्यांचे केस खांद्यापर्यंत होते. त्यांना पडद्यावर चेंडू उडवता येत असे. झाकणं निघाल्यावर त्यांनी सगळ्या वर्गाला चेंडू उडवायला शिकवलं, आणि खरं सांगायचं तर फार प्रेमाने शिकवलं.

"सर, माणूस कसा चालवायचा?" जीवनने एकदा विचारलं.

"आधी बॉल परफेक्ट कर," राज सर म्हणाले. "माणूस म्हणजे काय यार, खूप सारे बॉल."

जीवनचा मात्र जीव चेंडूत रमेना. त्याच्या वडिलांची, चिमाजींची, मखमलाबादच्या अंगाला थोडी जमीन होती. मेथी, कोथिंबीर, बांधाकडेने गुलाब. आई नवसाबाई तो माल घेऊन रोज पंचवटीच्या बाजारात बसायची. ती भरलेली पाटी उचलून डोक्यावर घ्यायची, तेवढंच जीवनला करायचं होतं. एक हात पाटीला, एक हात गुडघ्यावर, एक हिसका, मग उभं राहताना क्षणभर सगळं अंग हलायचं आणि डोक्यावरच्या कापडाच्या चुंबळीत पाटी बसली की मान एकदम स्थिर व्हायची. लहानपणापासून पाहिलेली ही गोष्ट पडद्यावर आणावी, आई घरून निघून बाजारात पोचते तेवढाच आपला चित्रपट असावा, असं त्याच्या मनाने घेतलं होतं. त्यासाठी तो अंगणात आईला पुन्हा पुन्हा पाटी उचलायला लावायचा आणि खाली बसून तिच्याकडे टक लावून बघायचा.

"काय करू राहिला रे तू?" नवसाबाई वैतागायची.

"आई, अजून एकदा. गुडघ्यावर हात आधी ठेवती का नंतर?"

"आरं, बाजार उठून जाईन तिकडं! यवढी हौस हाय तर उचल की तू, मी बसून पाहाती."

पण उचलायची. पोराच्या शिक्षणाचा भाग आहे म्हटल्यावर तिला नाही म्हणवत नव्हतं.

राज सरांना न विचारता, चुकत, पाडत, परत उभी करत जीवनने पडद्यावर ती पाटीवाली बाई उठवली. वर्गात बाकी सगळ्यांचे चेंडूच उडत असल्याने हा चित्रपट आपोआप अकादमीचा चित्रपट ठरला. गोटीराम सर त्याला 'आपला चित्रपट' म्हणू लागले. वार्षिक सोहळ्यात तो दाखवायचा होता, आणि त्या सोहळ्याला पुण्याच्या एका स्टुडिओतले साहेब येणार होते. काम आवडलं तर ते एकाला नोकरीवर घेणार होते. चिमाजींनी आपला निकाल आधीच देऊन ठेवला होता. "जमलं तं जमलं. नाय तं गुलाबाचे वाफे हायेतच. ते कुठं जात नाय." साहेबांनी ती बाई उठताना पाहिली की झालं, असा जीवनचा साधा हिशेब होता.

मग तयारीची बैठक झाली.

"चित्रपट उत्तम आहे," गोटीराम सर म्हणाले. "सुरुवात कशाने होते?"

"बाई पाटीजवळ बसलेली असते तिथून, सर."

"तसं नाही. मान्यवरांपासून."

मान्यवरांची नावं पडद्यावर आली पाहिजेत, आणि ती त्रिमितीत आली पाहिजेत, असं ठरलं. नुसती स्थिर नावं दाखवली तर पेपरातल्या निधनवार्तेसारखी दिसतात, हा मुद्दा सरांचाच. अडचण एवढीच होती की प्रमुख पाहुणे आणि उद्घाटक यांच्यात विस्तव जात नव्हता. मागे कुठल्याशा फलकावर एकाचं नाव वर आणि एकाचं खाली रंगवलं गेलं, तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद होतं. तेव्हा वर-खाली चालणार नव्हतं. शेजारी-शेजारी ठेवली तर जे डावीकडे ते आधी वाचलं जातं. सरांनी डोकं धरलं.

"सर, गोल फिरवू," राज सर म्हणाले. "दोन्ही नावं एकमेकांभोवती. कुणीच पहिलं नाही, कुणीच दुसरं नाही."

सरांनी धरलेलं डोकं सोडलं. तिसरी मिती माणसाला कशासाठी उपयोगी पडते हे त्यांना प्रथमच कळत होतं. पण त्यांची मुद्रा लगेच गंभीर झाली.

"फिरताना एक नाव मागे जाईल."

"परत पुढे येतं, सर."

"येतं, पण जातंच का?"

यावर तोडगा असा निघाला की जे नाव मागे जाईल ते त्या वेळी मोठं करायचं, म्हणजे पुढच्याइतकंच दिसेल. शिवाय मागून अक्षरं उलटी दिसतात, हा अवमान टाळण्यासाठी प्रत्येक नावाला दोन्ही बाजूंनी तोंड ठेवायचं. हे सगळं जीवनने करायचं होतं, कारण चेंडूखेरीज काही हलवणारा तो एकटाच होता. नावं सोनेरी हवीत यावर दुमत नव्हतं. जीवनने चांदीचा रंग सुचवून पाहिला, पण चांदी म्हणजे दुसरा नंबर, असं सर म्हणाले. सोनं केल्यावर कळलं की उद्घाटकांच्या नावावर प्रमुख पाहुण्यांच्या नावाचं प्रतिबिंब पडतंय. ते दोघांवर सारखं पडेल अशी व्यवस्था करण्यात पंधरवडा गेला.

पुढे गाडी 'रेंडरिंग'वर आली. रेंडरिंग म्हणजे संगणक एकेक चित्र रंगवून बाहेर काढतो. ते काम तो अत्यंत सावकाश करतो आणि त्याला सलग वीज लागते. त्या वर्षांत आपल्याकडे भारनियमन होतं, वीज येऊन-जाऊन असे. चित्र अर्धं झालं की दिवे जात, आणि दिवे आले की ते चित्र पहिल्यापासून. सरांनी यावरही विचार केला आणि त्या भागातल्या सहादू वायरमनचं नाव 'विद्युत सौजन्य' म्हणून घालायला सांगितलं.

"लाइट माझ्या हातात नाय हो सर," सहादू प्रामाणिकपणे म्हणाला. "वरून जाती ती. पण नाव जरा मोठं करा."

वायरमनला घेतलं म्हटल्यावर खालच्या पूजासाहित्याच्या दुकानाचे मालक राहिले, कारण जिना त्यांच्या दारातून. दुकानमालकांना घेतलं तर इमारतीचे घरमालक राहिले. मग प्रेरणा, मार्गदर्शन, मौलिक सहकार्य, प्रमुख उपस्थिती, विशेष उपस्थिती आणि नुसती उपस्थिती असे विभाग पाडावे लागले. प्रत्येक नाव सोन्याचं आणि फिरतं. संगणक दिवसभर घरघरायचा आणि एखादे सन्माननीय बाहेर काढायचा. सोहळा जवळ आला तेव्हा चित्रपटाच्या एकाही चित्राचा नंबर लागलेला नव्हता.

"चित्रपटात काय काय कमी करता येईल?" सरांनी बैठकीत विचारलं.

कोथिंबिरीची पानं फार वेळ खातात, ती काढली. पाटी झाकलेली असेल असं प्रेक्षक समजून घेतील. बाईचे केस तर पानांहून बारीक, तेही काढले. बाजार, रस्ता, रिक्षा, नदीवरचा पूल, सगळं गेलं. शेवटी चालणं उरलं.

"बाई पाटी उचलून उठते ना?" सर म्हणाले. "मग पुरे. उठली म्हणजे जाणारच."

"सर, मग चित्रपट कुठे राहिला?" जीवनचा आवाज चढला. इतके महिने घशाशी आलेलं त्याच्या तोंडून प्रथमच बाहेर पडत होतं.

"नावांच्या नंतर," सर शांतपणे म्हणाले.

सोहळा थाटात झाला. सभागृह भरलं होतं, कारण ज्यांची नावं होती ते सगळे सहकुटुंब आले होते. दिवे मालवले गेले आणि पडद्यावर सोनेरी अक्षरं फिरू लागली. टाळ्यांचा पाऊस पडला. प्रमुख पाहुण्यांनी जागेवर उभं राहून स्वतःच्या नावाला नमस्कार केला. ते पाहून उद्घाटकांनीही केला. सहादूच्या बायकोने मुलाला कडेवर उचलून पडद्याकडे बोट दाखवलं. "पुन्हा दाखवा!" अशी मागणी झाली, म्हणून सगळी नावं पुन्हा दाखवण्यात आली. जीवन पुण्याच्या साहेबांवर डोळा ठेवून होता. ते हाताची घडी घालून, चेहऱ्यावर काही न दाखवता बसले होते. 'विशेष उपस्थिती'मध्ये त्यांचं नाव आलं तसे ते पुढे झुकले, खिशातून मोबाईल काढला आणि राज सरांना म्हणाले, "इथे जरा थांबवता का?"

नावं संपली. संपली म्हणजे कार्यक्रम संपला अशी सर्वांची समजूत झाली. खुर्च्या सरकल्या, दारं उघडली आणि बाहेर वडे तयार असल्याचं गोटीराम सरांनी माइकवरून जाहीर केलं.

"अजून आहे! बसा ना, अजून आहे!" जीवन पुढे धावला. त्याच्या शेजारून माणसं जात राहिली. साहेबही मोबाईलमधला फोटो बघत बाहेर गेले. चिमाजीसुद्धा गेले, वडे गरम होते.

रिकाम्या सभागृहात शेवटच्या रांगेत नवसाबाई तेवढी बसून होती. तिला वाटलं, मुलगा बसा म्हणतोय. पडद्यावर एक टकली बाई रिकाम्या पाटीपाशी बसली होती. तिने गुडघ्यावर हात ठेवला, हिसका दिला, उठताना क्षणभर हलली, आणि मग तिची मान स्थिर झाली. खरोखर सुंदर उठली ती. जीवनला ते ठाऊक होतं, आणि ते कुणीच पाहिलं नाही म्हणून त्याला रडू फुटलं.

"मी हाय का रे ती?" आईने विचारलं.

"हो."

"केस कुठं गेले माझे?"

"लाइट पुरली नाही."

"आन् पाटी मोकळी हाय, मग गुडघा कशाला धरू राहिली ती भवानी?" ती जरा पुढे झुकली. "पण उठती माझ्यावाणीच." मग पडद्याकडे बघत तिने हळूच विचारलं, "यवढ्या लोकायची नावं आली. वायरमनचं बी आलं. माझं कोणत्या टायमाला येऊन गेलं रे? मला वाचता नाय आलं."

 ती सगळी नावं जीवननेच आपल्या हाताने घडवली होती, पुढून आणि मागून. आईचं घालावं हे सरांना सुचलं नव्हतं, ते ठीक. त्यालाही सुचलं नव्हतं.

सभागृहाच्या जिन्यावर साहेब हातात वड्याची बशी घेऊन भेटले. "ती नावं तू केलीस? मागे गेली तरी वाचता येतात! आमच्याकडे कुणाला जमत नाही हे. कधी येतोस?"

"साहेब, त्यानंतर ती बाई उठते ना..."

"कोण बाई?" साहेबांनी विचारलं.

जीवन आता पुण्यात असतो. लग्नाच्या सीड्यांत, सत्काराच्या चित्रफितींत, उद्घाटनांत तो सोनेरी नावं फिरवतो. त्याचं चांगलं चाललंय आणि चिमाजी बाजारात चार लोकांना तसं सांगतात. अकादमीत प्रवेशासाठी रांग लागते. नव्या अभ्यासक्रमात आधी चेंडू आणि मग थेट नावं घेतात, माणूस वगळला आहे.

हसून झालं असेल तर आता एक करा. परवा तुमच्या घरी लग्नपत्रिका आली होती. आपले विनीत, निमंत्रक, कार्यवाहक, स्वागतोत्सुक आणि चिमुकले यांच्या गर्दीत तुमचं नाव शोधत तुम्ही चष्मा लावून बसला होतात, आणि ते चुलतभावाच्या खाली छापलं म्हणून घरात दोन दिवस धुसफूस चालली होती. पत्रिका समोर न आणता सांगा बघू, त्यातल्या नवरीचं नाव काय?