डाव्या काखेतली डबी

लिफ्ट मेकॅनिकने डबीचं झाकण पुन्हा एकदा पिळलं, शर्टाच्या आत डाव्या काखेत ती दाबून धरली आणि दार ओढून घेतलं. डबी तासाच्या आत इस्पितळाच्या प्रयोगशाळेत पोचायला हवी होती, तीही अंगाच्या उबेत. "गार पडली तर तपासणीला काही अर्थ नाही," असं तिथल्या बाईंनी बजावलं होतं. नमुना तिथेच द्यायचीही सोय होती, पण ती खोली बिलाच्या खिडकीला लागून होती, आणि मागच्या खेपेला तिथे बसून त्याच्या हाती घामाशिवाय काही लागलं नव्हतं.

तिसऱ्या बाळंतपणात त्याची बायको मरता मरता वाचली होती. पुन्हा नको, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. गोळ्यांनी तिचं ब्लडप्रेशर चढायचं, तांबी बसवली तर अंगावरून इतकं जायचं की ती पांढरीफटक पडली, आणि तिसरं मूल झालं होतं तेच निरोधावर विसंबून. शेवटी नसबंदी त्याने करून घेतली. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं, "बीज वाहून आणणाऱ्या या दोन नळ्या कापून बांधल्या. बाकी सगळं आहे तसंच राहणार. पण गाठीच्या पुढे जे आधीच जाऊन बसलंय, ते संपायला तीनेक महिने जातात. तपासणीत एकही शुक्राणू दिसला नाही की तुम्ही मोकळे."

बायको तयार कपड्यांच्या कारखान्यात तपासनीस होती. तिच्या नजरेतून वाकडं काज सुटत नसे. "तपासून येऊ दे, मग बघू," असं म्हणून ती उशी उचलून मुलांच्या खोलीत गेली ती गेलीच. तेव्हापासून दोघं डब्याबद्दल, दुधाबद्दल आणि शाळेच्या फीबद्दल बोलत. चुकून हाताला हात लागला तरी ती दचकायची. त्याला याचं फार वाईट वाटे. पण तोंड उघडायची सोय नव्हती, कारण तिचं भय खोटं नव्हतं.

तर असा तो डबी घेऊन चौथ्या मजल्यावरून निघाला आणि तिसऱ्यावर अडकला. तिथले ऑडिटरकाका पहाटे वारले होते. खाली शववाहिका येऊन उभी होती, काका स्ट्रेचरवर होते आणि लिफ्ट बंद होती.

"आले! मिस्त्री आले!" सोसायटीचे सेक्रेटरी ओरडले. "तुमच्या लिफ्टने दगा दिला. आता काकांना तुम्हीच खाली न्या."

लिफ्ट त्याची नव्हती. तिचा एक भाग कंपनीकडून यायचा होता. पण गावभरच्या लिफ्टा दुरुस्त करणाऱ्याची स्वतःच्या इमारतीतली लिफ्ट बंद, म्हणजे खापर फोडायला डोकं तयारच होतं. काका देहाने भरभक्कम होते. जिन्यात पुरुष पुष्कळ जमले होते, पण एकाची कंबर धरलेली, दुसऱ्याचा गुडघा गेलेला, तिसऱ्याचा हर्निया. खांद्याला माणूस मिळेना.

"मी एका हाताने धरतो," मेकॅनिक म्हणाला.

"एका हाताने? भाजीची पिशवी आहे का ती?" सेक्रेटरींनी त्याचा डावा हात धरून ओढला. मेकॅनिकने तो बरगडीशी असा आवळला की सेक्रेटरीच ओढले गेले.

"डावा हात उचलता येत नाही मला."

"कधीपासून?"

"आत्ताच. मघापासून."

दुसऱ्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर गर्दीतून वाट काढत पुढे आले. जन्मभर त्यांनी लोकांच्या दाढाच पाहिल्या होत्या, त्यामुळे एवढा मोठा आजार समोर आल्यावर त्यांच्या अंगात आलं.

"दोन्ही हात वर करा."

उजवा वर गेला. डावा जागचा हलला नाही.

"आता हसून दाखवा."

"इथे?"

"हसा हो! वेळ घालवू नका."

समोर काका आडवे, पलीकडे काकू खुर्चीत बसलेल्या. मेकॅनिकवर घरचे संस्कार बरे होते. ओठाची एक बाजू त्याने कशीबशी उचलली. दुसरी लाजेने उठेनाच.

"तोंड वाकडं!" डॉक्टर म्हणाले. "बोला काहीतरी."

"मला जाऊ द्या हो. उशीर होतोय."

"बघा, त्याचं त्यालाच कळतंय! लकव्याचा झटका आहे. एकेक मिनिट मोलाचं."

ॲम्ब्युलन्सला फोन लागेना. तेव्हा काकूंनीच डोळे पुसत मान वर केली. "खाली गाडी उभी आहे ना? आधी त्याला न्या. यांना आता कसली घाई?"

मेकॅनिक आपल्याच पायांनी जिना उतरला आणि गाडीत काकांच्या जागी त्याला आडवं केलं गेलं. ड्रायव्हरला आजवरच्या नोकरीत घाई करायला कुणी सांगितलं नव्हतं. त्याने सगळी हौस फेडून घेतली. छताकडे बघत पडलेल्या मेकॅनिकच्या मनात आलं, आता डबी वेळेत पोचणार. कितीतरी दिवसांनी त्याला बरं वाटलं, आणि तसं वाटल्याची लगेच शरमही वाटली.

इस्पितळात नर्सने शर्ट कापायला कात्री उचलली तेव्हा तो किंचाळला, "थांबा! लकवा नाही, डबी आहे!" सगळं ऐकून तरुण डॉक्टरने मान खाली घातली आणि त्याचे खांदे बराच वेळ हलत राहिले. नर्स डबी घेऊन प्रयोगशाळेकडे गेली. "ब्लडप्रेशर मात्र खरंच वाढलंय तुमचं," डॉक्टर म्हणाला. "पडून राहा जरा."

तिकडे सेक्रेटरींनी कारखान्यात फोन लावला होता. "वहिनी, धीर धरा. डावी बाजू गेली."

ती गळ्यात मोजपट्टी तशीच घेऊन धावत आली आणि त्याच्या छातीवर कोसळली. "हात गेला म्हणाले, तेव्हा मला काय आठवलं माहितीये? इतके महिने या हाताला मी हात लावला नाही. तपासणी, तपासणी करत बसले मी. माझंच चुकलं हो."

त्याने तेव्हाच बोलायला हवं होतं. पण तिचं डोकं किती दिवसांनी छातीवर आलं होतं. मग डावा हात आपणहून उठला आणि तिच्या केसांवरून फिरला.

ती ताडकन उठली. "हा हात चालतो?"

"चालतो."

मग त्याला सगळं सांगावं लागलं. ती स्टुलावर बसली. हसली नाही, रडलीही नाही. तेवढ्यात प्रयोगशाळेच्या बाई आल्या.

"अजून थोडे हलताना दिसतायत. सहा आठवड्यांनी पुन्हा नमुना आणा. पुष्कळांचं होतं असं, घाबरू नका. तोवर निरोध वापरा. पाकिटावरची तारीख बघून घ्या, म्हणजे झालं."

बायको फरशीकडे बघत राहिली. मेकॅनिकला वाटलं, काकांच्या जागी आपणच राहिलो असतो तर बरं झालं असतं.

शववाहिकेतूनच दोघं परत आली. जिना चढून मेकॅनिक सरळ काकांच्या डोक्याशी गेला आणि दोन्ही हातांनी स्ट्रेचर उचललं. जमलेले सगळे आ वासून बघत राहिले.

"यांनीच बरं केलं त्याला," काकू काकांकडे बघत, हुंदका देत म्हणाल्या. "जन्मभर कुणाच्या कामाला आले नाहीत. जाता जाता आले."

मग गुडघेवाले पुढे सरकले. "मिस्त्री, मला जरा धरू द्या." त्यांच्यामागून कंबरवाले आले. हर्नियावाल्यांनी तर कोपराने वाट काढली. बघता बघता मेकॅनिक भिंतीशी ढकलला गेला आणि ऑडिटरकाका डझनभर हातांवरून, कुठेही न आपटता, जिना उतरू लागले.

वर दोघंच उरली. उघड्या दारातून काकू दिसत होत्या. मोठ्या खोलीत एकट्या, हात मांडीवर ठेवून बसलेल्या. बायको त्यांच्याकडे बराच वेळ बघत होती.

"अहो," ती म्हणाली, "तुम्ही जा त्यांच्याबरोबर. येताना औषधांच्या दुकानातून या."

"का गं? बरं नाहीये का तुला?"

"मी बरी आहे. त्या बाईंनी सांगितलं ते आणा."

त्याला समजायला थोडा वेळ लागला. "तुला चालेल? नक्की?"

"नक्की कुठलं? भीती वाटतेच," ती म्हणाली. "पण आणा." आणि ती काकूंजवळ जाऊन बसली.