कांबळेकाकांचे फॉगलाईट

आमच्या सोसायटीत धुक्याची तयारी करून बसलेला एकच माणूस आहे, तो म्हणजे तिसऱ्या मजल्यावरचे कांबळेकाका. डोंबिवलीत धुकं कुठून येणार, असं त्यांना विचारू नका. मी विचारलं होतं. "धूळ येते ना? धूर येतो ना? दोन्ही एकत्र आले की धुकंच ते," असं म्हणून त्यांनी माझ्या हातात काळ्या टेपचं भेंडोळं दिलं आणि मला त्यांच्या गाडीच्या उघड्या बॉनेटपाशी उभं केलं. तेव्हापासून मागच्या महिन्यापर्यंत मी तिथे उभीच होते.

माझं नशीब असं की माझी स्कूटर पार्किंगमध्ये त्यांच्या गाडीला लागून उभी असते. शनिवारी मला सुट्टी. भाजी आणायला म्हणून खाली उतरावं, तर बॉनेटखालून आवाज यायचा, "मीनल, रिकामीच आहेस ना?" मी रिकामी आहे हे त्यांना माझ्याआधी कळायचं.

गाडी जुनी आहे, पांढरी म्हणायची म्हणून पांढरी. तिच्या पुढच्या बंपरवर काकांनी कल्याणच्या मार्केटमधून आणलेले दोन पिवळे फॉगलाईट बसवलेत. एक समोर बघतो, दुसरा वॉचमनच्या केबिनकडे. काका सरकारी कार्यालयात स्टोअर सांभाळायचे. नोकरीभर खुर्च्या, कपाटं आणि पंखे मोजले, पण घरातला बल्बसुद्धा कधी बदलला नाही. रिटायर झाल्यावर लोक सकाळी फिरायला जातात, काकांनी टेस्टर विकत घेतला. पूर्वी जिथे पेन असायचं त्या खिशात आता तो असतो.

त्यांचं एक तत्त्व आहे. "दोष माणसात नसतो, कनेक्शनात असतो." लिफ्ट अडकली की ते हे म्हणतात, ते एक वेळ ठीक आहे. पण सेक्रेटरी आणि खजिनदाराची जुंपली तेव्हाही ते जिन्यात उभे राहून हेच म्हणाले. माझा मुलगा गणितात नापास झाला तेव्हा म्हणाले, "त्याला बोलू नकोस. त्याचं आणि मास्तरांचं कनेक्शन लूज आहे." मुलाला हे इतकं पटलं की त्याने अभ्यासच सोडला.

फॉगलाईट जोडण्याची काकांची पद्धत साधी. हेडलाईटची वायर सोलायची, तिला फॉगलाईटची वायर पिळायची, वर टेप गुंडाळायची आणि चार पावलं मागे सरकायचं. पहिल्या वेळी त्यांनी चुकून इंडिकेटरची वायर पकडली. डावीकडे वळताना डावा फॉगलाईट उघडझाप करायला लागला. वॉचमनने लग्नाची गाडी समजून गेट सताड उघडलं. दुसऱ्या वेळी वायर बरोबर होती, पण दिवे लागले आणि टप् करून फ्यूज उडाला. फॉगलाईट तर गेलेच, मूळचे हेडलाईटही गेले. त्यानंतर जेव्हा जेव्हा जोडले तेव्हा तेव्हा हेच. काका नवा फ्यूज घालायचे, वायर नव्याने पिळायचे, आणि मी तेच भेंडोळं घेऊन उभी राहायचे.

शेवटी कंटाळून मीच त्यांची गाडी चालवत त्यांना कल्याण-शीळ रस्त्यावरच्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडे नेलं. त्याने एक नजर टाकली आणि कपाळाला हात लावला. "काका, हेडलाईटच्या वायरीतून एवढा लोड नाय जाणार. वायर गरम होणार, फ्यूज उडणार. बॅटरीवरून सीधी लाईन घेऊ, वेगळा स्विच देतो."

"वेगळा स्विच नको," काका म्हणाले.

"का?"

"तिला तो शोधावा लागेल."

त्याने माझ्याकडे बघितलं. मी समोरच्या शटरकडे बघितलं. "मग मध्ये रिले टाकतो," तो म्हणाला, "हेडलाईटच्याच स्विचवर लागेल, करंट मात्र बॅटरीतून घेईल."

"मधला दलाल मला नको," काका म्हणाले, "नोकरीभर तेच बघितलं."

"करा मग काय करायचं ते. फक्त मोठा फ्यूज टाकू नका. वायर पेटली ना, तर गाडी जाईल."

स्विच शोधावा लागणारी ती म्हणजे काकांची बायको, निर्मलाकाकू. आता सांगायलाच हवं की कांबळेकाकांना गाडी चालवता येत नाही. शिकायला गेले होते, पण ड्रायव्हिंग स्कूलच्या मास्तरांनी हात जोडले. गाडी काकूंची. शाळेतली नोकरी संपल्यावर त्या हौसेने शिकल्या आणि दर शनिवारी काकांना शेजारी बसवून ठाण्याला, माजिवड्याला बहिणीकडे जायला लागल्या. शीळफाट्याला कंटेनरच्या रांगेत त्या अशा शांतपणे गाडी घालायच्या की काका डोळे मिटून घ्यायचे. परत आल्यावर मात्र पार्किंगमध्ये भेटेल त्याला सांगायचे, "ही होती म्हणून. दुसरा कोणी असता तर अजून तिथेच असतो." बायकोचं इतकं उघड कौतुक करणारा दुसरा नवरा मी आमच्या बिल्डिंगमध्ये बघितलेला नाही, माझा धरून.

मग एका शनिवारी काकूंनी गाडी गेटच्या खांबाला घासली. "अहो, खांब दिसलाच नाही," त्या म्हणाल्या. "दिसणार कसा? दिव्यांत दमच नाही," काका म्हणाले. पुढे एक दुभाजक झाला. मग भर दुपारी माझी स्कूटर आडवी झाली. दुपारी कसला आलाय दिव्याचा दोष, असं मी म्हणणार होते, पण काकांनी आधीच सांगून टाकलं, "पार्किंगमध्ये कायम अंधारच असतो." फॉगलाईट आले ते त्यानंतर.

काकूंनी मला खरं काय ते जिन्यात सांगितलं. कठडा धरून, एकेक पायरी पायाने चाचपत त्या उतरत होत्या. "डोळ्याचा पडदा वाळत चाललाय गं. कडेचं सगळं गेलं. भोकातून बघावं तसं मधलं तेवढं दिसतं, तेपण उजेडात. औषध नाही, ऑपरेशन नाही."

"काकांना माहीत आहे?"

"शेजारीच बसलेले. डॉक्टरांचं सगळं ऐकून घेतलं आणि त्यांनाच विचारलं, तुमच्या खोलीत एवढा अंधार कशाला ठेवलाय?" त्या हसल्या. मग म्हणाल्या, "मी गाडी सोडली म्हटलं तर हे जेवायचे नाहीत. करू दे त्यांना दिवे. मी बसते सीटवर आणि दिसतंय म्हणते. तू काही बोलू नकोस हं."

मी बोलले नाही. पण त्यानंतर ते टेपचं भेंडोळं हातात घ्यायला मला नको वाटायला लागलं. एक माणूस वायर पिळतोय, एक बाई खोटं बोलतेय आणि रोग आपल्या गतीने पुढे जातोय. यात मी काय धरून उभी आहे, हेच कळेना.

मागच्या महिन्यातल्या एका शनिवारी काकांनी मला पुन्हा बोलावलं. बाहेर ऊन होतं, पण आमचं पार्किंग तीन बाजूंनी बंद, त्यामुळे आत नेहमीसारखाच काळोख. मला त्यांनी समोरच्या भिंतीजवळ उभं केलं. काकू ड्रायव्हरच्या सीटवर बसल्या होत्या, इस्त्रीची साडी नेसून, बहिणीसाठी केलेल्या चिवड्याचा डबा मांडीवर घेऊन. गाडी निघालीच तर तयारी असावी म्हणून.

"लाव गं," काका म्हणाले.

दिवे लागले. खरं सांगते, इतका सुंदर पिवळा उजेड मी त्या पार्किंगमध्ये कधी बघितला नव्हता. भिंत, पाण्याचा पाईप, खाली सांडलेली वाळू, सगळं उजळलं. पहिल्यांदाच ते दिवे इतका वेळ टिकले. काकांनी तोंड उघडलं, आणि तेवढ्यात टप् झालं. सगळं पुन्हा काळं.

मी काही म्हणायच्या आत आतून काकूंचा आवाज आला. "अहो, आता मस्त दिसतंय. उजेड पार खाली जमिनीपर्यंत आलाय." त्या भिंतीकडे बघतसुद्धा नव्हत्या. त्यांचा चेहरा डावीकडच्या खांबाकडे होता.

माझ्या तोंडून "काकू" एवढं निघालं, तोच काकांनी माझ्याकडे बघून हात वर केला. दोष माणसात नसतो म्हणणारा तो माणूस बंद दिव्यांसमोर नुसता उभा होता. मला त्या क्षणी तिथून पळून जावंसं वाटलं.

"दिसतंय ना?" काका म्हणाले.

"अगदी. निघायचं?"

"आज नको. टेप ओली आहे. वाळायला दोन दिवस लागतात." त्यांनी बॉनेट हळूच लावलं, दार उघडलं आणि काकूंपुढे हात धरला. "उतर. सपाट आहे. आज रिक्षाने जाऊ."

टेपला वाळायचं काही नसतं, हे गाडी चालवणाऱ्या काकूंना माहीत नसेल असं मला वाटत नाही. पण त्या म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंत," आणि डबा सांभाळत उतरल्या.

अजून दर शनिवारी बॉनेट उघडतं. मला आता कोणी बोलावत नाही. काका वायर पिळतात, काकू साडी नेसून सीटवर बसतात. "लाव गं." "दिसतंय हो." मग काहीतरी ओलं असतं, काहीतरी बसायचं असतं, आणि दोघं हात धरून रिक्षा बघायला गेटकडे जातात. परवा ते गेल्यावर मी स्कूटर काढायला गेले. बॉनेट नीट लागलं नव्हतं म्हणून लावायला गेले आणि आत डोकावले. काकांनी बॅटरीची मुख्य वायरच सोडवून बाजूला बांधून ठेवली होती; दिवे काय, गाडीही चालू झाली नसती. तिच्या टोकावर धूळ बसली होती.