मुळाबरहुकूम ठोंबरे

ठोंबरेभाऊ घरात शिरले की पाय आपटत. चांगला दाणकन! आमच्या क्वार्टर्सची जमीन फळ्यांची आणि मी भिंतीला भिंत लावून शेजारी, त्यामुळे माझ्या कपातला चहा बशीत. पहिल्या दिवशी तर मी भूकंप समजून पोराला काखोटीला मारून अंगणात पळालो होतो.

ठोंबरेवहिनींची तऱ्हा निराळीच. हाक मारली तरी ढुंकून बघत नसत. "टंकलेखकाची बायको, पण तोरा चीफ इंजिनियरच्या बायकोचा!" असं आमची ही म्हणायची.

लोणावळ्याजवळच्या एका धरणाच्या कचेरीत ठोंबरेभाऊ आणि मी नोकरीला. धरणाच्या दारांसाठी परदेशी यंत्रं आली आणि सोबत त्यांचं जाडजूड इंग्रजी माहितीपुस्तक. नुसती कलमं, पोटकलमं आणि चौकटी. साहेबांनी त्याचा मराठी तर्जुमा एका वहीत हातानं लिहून काढला. तो टाईप करून दारांवरच्या माणसांसाठी प्रती काढायच्या, हे काम ठोंबऱ्यांचं. "मुळाबरहुकूम!" हे त्यांचं पालुपद. कागदावर तेलाचा डाग दिसला तर विचारायला येत, "हा घ्यायचा की सोडायचा?"

एका पानावर एवढंच होतं : 'हे पान मुद्दाम कोरे ठेवले आहे.' ठोंबऱ्यांना जेवण गोड लागेना. "लिहिलं तर पान कोरं कसं? नाही लिहिलं तर मुळाबरहुकूम कसं?"

अशा माणसानं पदरचं वाक्य घुसडलं! साहेबांनी ते मोठ्यानं वाचलं तेव्हा मी हबकलोच. 'पाणी सोडण्याचा भोंगा वाजवल्यावर एकाने नदीत उतरून पाहावे. कोणी असल्यास समोर उभे राहून हात हलवावा. मगच दार उचलावे.'

"मुळात आहे हे?"

"नाही साहेब."

"मग काढा. नाहीतर उद्यापासून टाईपचं मशीन दुसऱ्याकडे जाईल."

"नाही काढणार."

धरणाच्या दारावरचा धोंडिबा चाचरत म्हणाला, "भाऊ, भोंगा पार कार्ल्यापतुर जातोय. कुणाला न्हाई ऐकू यायचा?"

ठोंबऱ्यांनी कपाळ पुसलं. "माझ्या बायकोला. लहानपणापासून. ती नदीवर धुणं धुते. जुनं दार हातानं चाक फिरवून उचलायला वेळ लागायचा, पाणी चढताना तिला दिसायचं. आता बटण." मग खाली बघत म्हणाले, "बहिरी म्हणून कुणी हिणवू नये, म्हणून बोललो नाही कधी. शिष्ट म्हणतात, ते परवडतं. जमीन हादरली की कळतं तिला, मी आलो ते."

इतकी वर्षं मधे एक भिंत, आणि मला पत्ता नाही!

"राहू दे वाक्य," साहेब कसंबसं म्हणाले.

ठोंबरे हलेनात. तर्जुम्याची वही त्यांनी साहेबांपुढे सरकवली. "मग इथंही घाला साहेब. नाहीतर मुळाबरहुकूम होणार नाही."

साहेबांनी पेन उघडलं.

संध्याकाळी पलीकडे पाय दाणकन आपटला. पाठोपाठ लगबगीनं येणाऱ्या बांगड्यांचा आवाज आला. माझा चहा बशीत सांडला होता. मी तो बशीतूनच प्यालो.